तीन मिनिटांचा तुकडा

सुऱ्या, डिस्क झाली रे. मी केली. तुझ्या दुकानात, तुझ्या खुर्चीत बसून, तुझ्या त्या खडखडणाऱ्या कॉम्प्युटरवर. डिस्कची फाईल झाली, फाईल उघडली, चित्र हललं, आवाजही आला. तू असतास तर म्हणाला असतास, "बघा, कोर्टातली माणसंसुद्धा शिकतात!" तू नाहीस. तेरावं होऊन आठ दिवस झाले, तरी दुकानाचं शटर वर गेलं की आत तू असणार, असं मी धरूनच चालते. सवय आहे, दुसरं काही नाही.

शोकसभेत सगळे बोलले. मनमिळाऊ, मदतीला धावणारा, हसतमुख. मनमिळाऊ म्हणे! गिऱ्हाईकाला तोंडावर "तुम्हाला यातलं काही कळत नाही" म्हणणारा माणूस तू. मलाही दोन शब्द बोलायला सांगितले होते. मी नको म्हटलं. आपलं भांडण अर्धवट राहिलंय, ते सोडून मी तुझं कौतुक काय करत बसणार? आणि ते भांडण चारचौघांत काढण्यासारखं नव्हतं. तुझ्याशीच करायचं होतं, म्हणून हे लिहायला बसले.

तुम्ही मढच्या कोळीवाड्यात आमच्या मागच्या खोलीत भाड्याने आलात तेव्हा तू सातवीत होतास. तुझ्या बाबांची गिरणी बंद पडलेली, तुझी आई आधीच गेलेली, आणि बाबा कुठल्यातरी बंगल्यावर वॉचमन म्हणून लागलेले. माझी आई सकाळी माशांची पाटी घेऊन मालाडच्या बाजारात जायची आणि दुपारी परत आली की घरात शिरायच्या आधी तुझ्या दारात उभी. "सुऱ्या, जेवलास का?" मला कधी विचारायची नाही. मी जेवलेलीच असायची ना! पण ते विचारणं मला ऐकू यायचं आणि डोक्यात जायचं. आज पन्नाशीत आल्यावर सांगते, तेव्हा सांगितलं नव्हतं.

मग तू मोठा झालास, मालाडच्या बाजारात आधी कॅसेटची, मग सीडी-डीव्हीडीची लायब्ररी टाकलीस. ती चालली, मग बसली. कॉम्प्युटर दुरुस्ती सुरू केलीस. लायब्ररीतल्या डिस्क मात्र टाकल्या नाहीस, आणि त्यातूनच तुझं ते खूळ निघालं.

आपल्या मढला शूटिंग म्हणजे रोजचंच. जेट्टीवर कॅमेरा लागला की आमच्या बायकांना बोलावणं यायचं. नायिका होडीतून उतरणार, मागे कोळणी पाट्या घेऊन जाणार. दिवसभर उन्हात उभं राहायचं, पडद्यावर चार सेकंद. त्यातले बरेच सिनेमे असे, की ज्यांनी काढले त्यांनाही आता नावं आठवणार नाहीत. पण तुला एक दिवस लक्षात आलं की त्या चार सेकंदांत आपली मेलेली माणसं चालताहेत, आणि ती फक्त तुझ्या दुकानातल्या धुळीत पडलेल्या डिस्कवर आहेत. डिस्कवर चरे पडत होते, बुरशी धरत होती. गावात कुणाकडे चालू प्लेअर उरला नव्हता. नव्या कॉम्प्युटरला डिस्क घालायची फटच नसते. मग तू एकेक डिस्क काढून तिची फाईल करायला बसलास.

मला तू ते समजावलं होतंस, मी विचारलं नसताना. "डिस्क म्हणजे डबा गो. डबा गंजतो, भाजी चांगली असते. आपण भाजी दुसऱ्या डब्यात काढायची. आणि तो डबा असा हवा, की कुठल्या कंपनीची चावी लागता कामा नये. उद्या कुणाचाही कॉम्प्युटर असो, फुकटातला प्लेअर टाकला की उघडलाच पाहिजे. एमकेव्ही म्हणतात त्याला." मग बोट वर करून, "पण भाजीला परत फोडणी द्यायची नाही. जशी आहे तशी काढायची. दाबायची नाही, कापायची नाही."

आणि हे शहाणपण तुला सुचलं कधी? अख्ख्या गावाला डाएटवर पाठवल्यावर! पहिल्या पाच-सहा फाईलींत तू चित्राच्या मापाचा काहीतरी घोळ घातला होतास. सगळं चित्र बाजूने दाबलं गेलं आणि आमच्या भरभक्कम बायका काठीसारख्या दिसायला लागल्या. गावात कुणी कुणाला ओळखेना. आमच्या आळीतल्या भानुदासची आजी तर त्याने दुसऱ्याच कुणाची म्हणून सोडून दिली होती. तू माप सुधारून आणलंस तेव्हा तो खुर्चीतून उठून उभा राहिला. "आज्जीच की ही! एवढी जाड होती ना, बरोबर!" त्याच्या घरात तिचा एकही फोटो नव्हता. तू त्या फाईलीतून एक चित्र काढून मोठं करून दिलंस. आज त्याच्या भिंतीवर हार घातलेली आजी आहे आणि तिच्या कानाजवळ नायिकेचा कोपर आहे. दर वर्षी श्राद्धाला कोपरालाही गंध लागतं. ते बघून आपण दोघं बाहेर येऊन किती हसलो होतो रे!

माझं-तुझं भांडण एरवी साइझवरून असायचं. मी म्हणायची, पाच जीबीची फाईल माझ्या फोनवर कशी मावणार, बारीक करून दे. तू म्हणायचास, फोन बदल. मी म्हणायची, मग फक्त आमच्या लोकांचा तुकडा कापून दे, अख्खा भिकार सिनेमा कोण बघतंय? तू भडकायचास. "तुकडा कुणालाच देणार नाही. पुढचं-मागचं तोडलं की माणूस कुठून आला, कुठे गेला, काही कळत नाही." ऐकून घेशील तर शपथ.

म्हणून गेल्या दिवाळीच्या आधी तू दिंडोशीला माझ्या घरी लॅपटॉप घेऊन आलास आणि तीन मिनिटांचा तुकडाच दाखवलास, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

तू म्हणालास, "बस. बघ. बोलू नकोस."

जेट्टी. ऊन. नायिका कुठेतरी बाजूला ओरडतेय. आणि मधोमध एक कोळीण, चाळिशीची, हिरवं लुगडं, डोकं मागे टाकून खदखदा हसतेय. तोंड उघडं. हसता हसता वाकली, परत सरळ झाली, परत हसली.

"कोण?" मी विचारलं.

"कोण म्हणजे? आई तुझी."

मी तीनदा बघितलं. मग म्हणाले, "नाही."

"मालू, नीट बघ."

"नीट बघितलं. चेहरा मिळताजुळता आहे. आमच्या आळीत निम्म्या बायकांचे चेहरे मिळतेजुळते आहेत. आई शूटिंगला जायची नाही. ओट्यावर बसून जाणाऱ्यांना नावं ठेवायची. आणि आई अशी हसायची नाही. पुढचा दात पडल्यापासून हसताना पदर तोंडावर घ्यायची. घ्यायची म्हणजे काय, हसायचीच नाही."

"हसायची."

"कधी? मी अठ्ठावीस वर्षांची होईपर्यंत ती माझ्यासमोर होती. मला नाही दिसली ती, तुला कुठे दिसली?"

तू खाली बघून म्हणालास, "माका म्हायत आसा." तू मालवणीवर आलास की तुझ्या मनाला लागलंय, एवढं मला कळत होतं. तरी मी थांबले नाही. कोर्टात लिपिक आहे मी, सत्तावीस वर्षं साक्षी ऐकत आलेय. मला वाटलं, माणसाकडे पुरावा नसला की तो असाच हटून बसतो. मी विचारलं, "साक्षीदार आहे कुणी?" तू म्हणालास, "आसा." मी म्हटलं, "मग आण." तू नाही म्हणून मान हलवलीस.

आणि मग मी बोलले ते. "माझी आई मला ओळखता येत नाही आणि तुला येते? तू मागच्या भाड्याच्या खोलीतला, सुऱ्या. तेवढ्यात राहा."

तू लॅपटॉप मिटलास. चार्जरची वायर नीट गुंडाळलीस, चहा संपवलास आणि "येतो" म्हणून गेलास. तो तुकडा माझ्या कॉम्प्युटरवर ठेवून गेलास, ते मला नंतर दिसलं. मी तो पुसला नाही. उघडलाही नाही.

पुढचे महिने आपण बोलत होतो की. माझा प्रिंटर बिघडला तेव्हा तू आलास. मी बोंबलाचं कालवण केलं होतं, तू दोनदा भात घेतलास. निशाच्या, म्हणजे माझ्या लेकीच्या, ॲडमिशनच्या फॉर्मवरून तू तिला ओरडलास. सगळं नेहमीसारखं होतं आणि नव्हतंही. त्या दिवशी तू चपला घालत होतास तेव्हा माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, सुऱ्या, मी तसं बोलायला नको होतं. मी बोलले काय, तर "प्रिंटरची शाई कुठून घेऊ?" तू दुकानाचं नाव सांगितलंस आणि गेलास. कपाळ माझं.

मग एका सकाळी तुझ्या घरून संगीतावहिनीचा फोन आला. त्याबद्दल मला लिहायचं नाही.

तेराव्यानंतर वहिनीने मला दुकानात बोलावलं. हार्ड डिस्क कुणाला द्यायची, डिस्कचं काय करायचं, तिला काही सुचत नव्हतं. टेबलाच्या खणात एक डिस्क वेगळी ठेवलेली होती, जुन्या मऊ फडक्यात. कव्हरवर तुझ्या अक्षरात "मालू". सिनेमाचं नाव बघितलं. तोच. तुकड्याचा सिनेमा.

वहिनी म्हणाली, "हिची पूर्ण फाईल त्यांनी केलीच नाही. मला म्हणाले, ही मालूने मागितली तरच."

मी मागितली नव्हती. पण आता द्यायला कोण होतं? मी म्हटलं, मी करते. रविवारी दुपारी आले. तुझी वही टेबलावरच होती, पायऱ्या लिहिलेली. एक, डिस्क पुसा, मधून बाहेर सरळ पुसा, गोल गोल पुसू नका. दोन, सगळ्यात जास्त लांबीचा भाग घ्या, बाकीच्या जाहिराती असतात. तीन, कापू नका, काळ्या पट्ट्यासुद्धा कापू नका, "ऑटो" कुठे दिसलं तर आधी बंद करा. चार, माप तपासा, माणसं बारीक दिसली तर चुकलं. पाच, फाईल झाल्यावर पूर्ण बसून बघा, पुढे ढकलू नका. वाचताना तुझा आवाज येत होता, तो "कळतंय का?" वाला.

पहिल्यांदा डिस्क अर्ध्यात अडकली. घरघर, मग टकटक, मग काहीच नाही. हीच एक डिस्क, बाजारात ही कुठे मिळायची? बाहेर काढली, पुसली, मधून बाहेर, सरळ. दुसऱ्यांदा लावली. अर्ध्या तासाने फाईल तयार झाली. निशा माझ्याबरोबर होती, ती म्हणाली, "आई, डायरेक्ट सीन लाव ना." मी म्हटलं, नाही, पूर्ण बघायचं. आणि भिकार सिनेमा होता रे, तुला सांगते! चाळीस मिनिटं आम्ही दोघी आणि वहिनी मुकाट्याने बसलो.

मग जेट्टी आली. ऊन. नायिका. कोळणी.

तू मला दाखवलास तो तुकडा तू कापला होतास, सुऱ्या. नुसता मागून-पुढून नाही, बाजूनेही. चित्राची डावी बाजू छाटून उरलेलं मोठं केलं होतंस. पूर्ण चित्रात ती बाई एकटी नाही. छाटलेल्या बाजूला एकोणीस वर्षांचा एक काटकुळा पोरगा उभा आहे. डोक्यावर लाल टोपी, कमरेला रुमाल, आमचे म्हातारे बांधायचे तसा. खाली काड्यांसारखे दोन पाय. युनिटवाल्यांना कोळी कमी पडला असणार, म्हणून त्यांनी तुला धरून कोळी केलं. आणि तुझ्या डोक्यावर पाटी दिलीय. पाटी कलतेय, माशांचं पाणी तुझ्या मानेवरून पाठीत उतरतंय, तू तोंड वेडंवाकडं करतोयस. एक बांगडा तुझ्या खांद्यावर पडतो. ती हसतेय ती तुला बघून. हसता हसता पुढे येते, तुझी टोपी सरळ करते, आणि परत हसते. पुढचा दात नाही.

आई होती ती. माझीच आई. पदर खांद्यावर होता, तोंडावर नव्हता.

वहिनी रडत होती. मी नाही. मला राग आला होता, खरंच सांगते. मी म्हटलं, "हे त्याने मला का नाही दाखवलं? एवढा धडधडीत साक्षीदार होता आणि हा मेला गप्प बसला!"

वहिनीने डोळे पुसले. "मी पण तेच म्हटलं होतं. मला म्हणाले, मालूला वाटेल की आई तिच्यासमोर हसायची नाही आणि माझ्याबरोबर हसायची. तिला आई हसताना दिसू दे, मी कशाला मध्ये?"

आयुष्यभर जगाला सांगितलंस की कापू नका. आणि कापलंस ते स्वतःला.

तुला वाटलं मला लागेल. लागलंच. का नाही लागणार? मी सतरा वर्षांची होते तेव्हा. कॉलेजात होते. आई बाजारातून आली की मी पुस्तक घेऊन आत जायची, तिच्या लुगड्याला वास येतो म्हणून. मैत्रिणी घरी येणार असल्या की तिला सांगायची, तू मागच्या दाराने ये. ती खरोखर मागच्या दाराने यायची. मागे तुझी खोली होती. तिथे ती बसायची, तुझ्याशी बोलायची, आणि मला भिंतीपलीकडून नुसता आवाज यायचा. कामाचंच काही बोलत असेल, असा मी समज करून घेतला होता. माझ्यासमोर हसायला मी तिला सवड तरी दिली का? ती एक दिवस सगळ्यांपासून लपून शूटिंगला गेली, मजा करायला गेली, आणि बरोबर तुला नेलं. मला नेलं नाही, कारण मी नाक मुरडलं असतं. मुरडलंच असतं.

हे सगळं तुला ठाऊक होतं. मी तुला "भाड्याच्या खोलीतला" म्हणाले तेव्हाही ठाऊक होतं. एक वाक्य बोलला असतास, "मी तिथे होतो," तर मी जागच्या जागी गार पडले असते. तू नाही बोललास. चहा संपवलास. इतकं कुणी कुणाचं मन राखतं का रे? माझा तुझ्यावर राग आहे, तो राहणार आहे. आणि तू नसतास तर माझ्या आईला त्या घरात हसायला कुणी नव्हतं, हेही मला आता माहीत आहे. दोन्ही एकदमच वाटतं, त्याला मी काही करू शकत नाही.

मी चुकले, सुऱ्या. प्रिंटरच्या शाईऐवजी हे बोलायचं होतं.

हार्ड डिस्क मी वहिनीच्या संमतीने मढला देणार आहे, भानुदासकडे. सगळ्या फाईली बघितल्या. प्रत्येक सिनेमाबरोबर तू एक यादी करून ठेवली आहेस, ते मला माहीत नव्हतं. कितव्या मिनिटाला आपली माणसं येतात, डावीकडून कोण कोण उभं आहे, कुणाच्या घरचं. जे ओळखू आले नाहीत त्यांच्यापुढे जागा मोकळी. फक्त या एका सिनेमाची यादी नव्हती. निशा म्हणाली, "मी टाइप करू?" मी म्हटलं, नको, बाजूला सर.

मिनिट एक्केचाळीस. डावीकडून पहिला, सुरेश. त्याच्या शेजारी, गंगूबाई. मग घराचा रकाना आला. दोघांच्या पुढे मी आमच्या घराचं नाव घातलं. कुणाची हरकत असेल, तर त्याने माझ्याकडे यावं.